मध शुद्ध असला तरी तान्ह्याला नकोच

घरात दोन वर्षांची थोरली आणि दोन महिन्यांचा धाकटा असला की भाऊबीजेचा पाट मोठ्या हौसेने मांडला जातो. आजी हाताला धरून नातीकडून निरांजन फिरवून घेते आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणतंच, "अगं, भावाचं तोंड गोड कर की!" तान्ह्याला लाडू चालत नाही हे सगळ्यांना कळतं. म्हणून मधात बुडवलेलं बोट त्याच्या जिभेला लावलं जातं.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात या बोटामागे ठाम विश्वास असतो. मध दुकानातला नाही, भीमाशंकरच्या रानातला, ओळखीच्या माणसाने पोळं काढून आणलेला. शुद्ध आहे, मग बाळाला काय होणार?

घोळ नेमका इथेच आहे. धोका भेसळीचा नाहीच. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू माती-धुळीत असतात आणि तिथून ते अस्सल रानमधातही पोहोचू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना सहसा थारा मिळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र उपकारक जिवाणूंची वस्ती पुरती बसलेली नसते. तिथे हे बीजाणू रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. तान्ह्या बाळांचा हा आजार १९७६ मध्ये अमेरिकेत ओळखला गेला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

मध उकळून दिला तर? हे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. त्यांना दाबाखालची १२१ अंश सेल्सिअसची उष्णता लागते. बाळगुटी मधात उगाळली तरी धोका तोच.

"आमच्या चार पिढ्या मधावरच वाढल्या," हे उत्तर तर ठरलेलंच! आजार विरळा आहे, म्हणून बहुतेक बाळांना काही झालं नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ज्या चाटणाची बाळाला गरजच नाही, त्यासाठी त्याचा श्वास का पणाला लावायचा?

सुरुवात बहुधा बद्धकोष्ठाने होते. मग बाळ दूध नीट ओढत नाही, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान धरत नाही. पाहुण्यांच्या गर्दीत "किती शहाणं बाळ, नुसतं झोपून असतं" असं कौतुक होतं आणि मोलाचा वेळ जातो. आहुप्यासारख्या गावातून घोडेगाव-मंचर गाठायचं तर हा वेळ फारच महाग पडतो. अशी लक्षणं दिसताच १०८ ला फोन करावा.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. तोंड गोड करायचंच तर बाळाच्या आईचं करावं. थोरलीने वर्ष ओलांडलंय, तिला मध चालतो. पण तिचा चमचा धाकट्याच्या तोंडात जाणार नाही, याकडे मोठ्यांनीच लक्ष द्यायला हवं.

सणासुदीचे आणखी काही समज:

"अभ्यंगाला बाळाच्या नाका-कानात तेल सोडावं." नको. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. अंगाला हलकं मालिश पुरे.

"दृष्ट लागू नये म्हणून डोळ्यांत काजळ घालावं." काजळातून डोळ्यांना संसर्ग होऊ शकतो आणि काही काजळांत शिसंही आढळलं आहे.

"चिवडा थोरलीला चालतो." त्यातले अख्खे शेंगदाणे श्वासनलिकेत अडकू शकतात. ते वेचून काढावेत किंवा कूट करून द्यावेत.

"धुरीने घर शुद्ध होतं." बाळासाठी तो धूरच, फटाक्यांचा असो वा धुपाचा.

"दिवाळीत फटाके वाजतात, बिबट्या फिरकत नाही." जुन्नर-आंबेगावचा बिबट्या उसात, माणसांच्या शेजारीच राहतो आणि आवाज थांबला की पुन्हा अंगणापर्यंत येऊ शकतो. तिन्हीसांजेला अंगणात पणत्या लावताना थोरलीचं बोट कोणीतरी मोठ्या माणसाने धरलेलंच असावं.