चार दिवस बँकॉकला

परंदवडीहून बँकॉकला जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. मावळात जमिनींना भाव आला, कारखाने आले, घरातली मुलेमुली कमावती झाली. पूर्वी भिशीचे पैसे हाती आले की लोक पंढरपूर, तुळजापूर करून येत. आता कोणीतरी म्हणतो, "एकदा विमानात बसू की!" आणि सहल कंपनीचा कागद घरात येतो. त्यावर सोनेरी देवळाचे चित्र असते आणि खाली रक्कम असते.

जावे, जरूर जावे. पण हा प्रवास निम्मा घरी बसूनच करायचा असतो. तो कागद वाचून करायचा. ज्यांना नुकते वाचता येऊ लागले आहे, त्यांनी हे काम पोरांवर किंवा एजंटावर टाकून मोकळे होऊ नये. का, ते पुढे सांगतो.

आधी गाव कोठे आहे ते पाहू. बँकॉक ही थायलंड देशाची राजधानी. या देशाला पूर्वी सयाम म्हणत. आपल्या पूर्वेला बंगालचा उपसागर ओलांडून गेले की ब्रह्मदेशाच्या पलीकडे हा देश लागतो. विमानाने सुमारे चार-साडेचार तास लागतात. तेथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. आपल्याकडे सकाळचे सहा वाजले म्हणजे तेथे साडेसात झालेले असतात.

आता पहिला कागद, पासपोर्ट. तो नसेल तर परदेशाची गोष्टच नको. मोठ्या माणसाच्या साध्या 36 पानी पासपोर्टला 1500 रुपये सरकारी फी पडते आणि तो 10 वर्षे चालतो. पोलिसांची चौकशीही होते. जुना पासपोर्ट असेल तर त्याची मुदत पाहा. प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने मुदत शिल्लक असावी, नाहीतर विमानतळावरूनच माघारी फिरायची पाळी येते.

पासपोर्टवर तुमचे नाव इंग्रजी अक्षरांत असते. तिकिटावरही इंग्रजीतच असते. ही दोन नावे तंतोतंत जुळली पाहिजेत. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका. दोन्ही कागद शेजारी ठेवा. एकेका अक्षरावर बोट ठेवा आणि आकार जुळतो का ते पाहा. एक अक्षर चुकले असेल तर त्याच दिवशी कंपनीला सांगा. शेवटच्या दिवशी सांगून उपयोग होत नाही. तिकिटावरची तारीखही नीट पाहा. रात्री बारानंतर सुटणारे विमान असेल तर पुष्कळ घोटाळा होतो. तिकिटावर 12 तारीख आणि वेळ रात्री 1 असेल, तर 11 तारखेच्या संध्याकाळीच घर सोडायचे असते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ज्यांचे दहावीपर्यंत शिक्षण झालेले नाही, त्यांच्या पासपोर्टात बहुधा 'ईसीआर' अशी तीन अक्षरांची नोंद असते. पन्नास वर्षांवरच्या माणसाला ती लागत नाही. या नोंदीचा अर्थ एवढाच की ठराविक देशांत नोकरीला जायचे असेल तर आधी सरकारी परवानगी काढावी लागते. त्या देशांच्या यादीत थायलंड आहे. शहर पाहायला जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचा कागद मात्र जवळ ठेवावा.

ही नोंद उगाच केलेली नाही. एखादा एजंट म्हणतो, "सहलीला म्हणून जा, तिथं गेल्यावर कामाला लावून देतो. संगणकावर बसून पगार मिळेल." हे ऐकले की समजावे, येथे फसवणूक आहे. 2022 पासून आपल्या देशातली कितीतरी तरुण मुले अशीच बँकॉकला उतरली. त्यांना मोटारीत घालून सरहद्दीकडे नेले आणि नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडी भागात कोंडून ठेवले. त्यांच्याकडून मोबाईलवर लोकांना लुबाडायचे काम करवून घेतले. पासपोर्ट काढून घेतलेले, मग पळणार कसे? मार्च 2025 मध्ये आपल्या सरकारने हवाई दलाच्या विमानांतून अशा पाचशेहून अधिक लोकांना परत आणले. घरात नोकरी शोधणारा मुलगा असेल तर एवढा मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवा.

व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशात शिरायची परवानगी. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीय प्रवाशांना व्हिसावाचून यायची सवलत दिली. पण असे नियम पुनःपुन्हा बदलतात. म्हणून पैसे भरण्याआधी आजचा नियम विचारावा. थायलंडचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे आणि त्याची माहिती मोबाईलवर मिळते. शिवाय 1 मे 2025 पासून तेथे उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत मोबाईलवर एक प्रवेशपत्रक भरावे लागते. हे पत्रक फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी खोटी पानेही मोबाईलवर आहेत. घरातल्या शिकलेल्या मुलीला शेजारी बसवून ते भरावे.

आता पैशाकडे वळू. कंपनीच्या कागदावर 'सर्व खर्चासह' असे मोठ्या अक्षरात असते आणि 'वगळून' हा शब्द बारीक अक्षरात असतो. आम्ही तर म्हणतो, आधी तो बारीक शब्द शोधा. दुपारचे जेवण त्यात आहे का? राजवाड्याचे तिकीट आहे का? काही कारणाने जाता आले नाही तर किती पैसे परत मिळणार? हे विचारून लिहून घ्या, आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. तेथले नाणे बाथ. एका बाथला अडीच-तीन रुपयांच्या आसपास पडतात, पण भाव रोज हलतो. कर्ज काढून किंवा गुंठा विकून मात्र कोणी जाऊ नये. शहर कोठे पळून जात नाही. भिशी पुरी होऊ द्या.

जायचे केव्हा? भाताची कापणी-झोडणी उरकली की निघावे. आपल्याला तेव्हा सवड असते आणि तेथेही डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसतो, उकाडा त्यातल्या त्यात कमी असतो. एप्रिलमध्ये फार तापते. त्या महिन्यात 13 तारखेपासून त्यांचा नववर्षाचा सण असतो. त्याचे नाव सोंगक्रान, म्हणजे आपलीच संक्रांत. रस्त्यात लोक एकमेकांवर पाणी ओततात. ज्यांना रंगपंचमी आवडते त्यांनी तेव्हा जावे, म्हाताऱ्यांनी जाऊ नये.

चार दिवस म्हणजे खरे अडीच दिवस, हे ध्यानात धरा. जाण्यात एक रात्र जाते, येण्यात एक जाते. त्यात कंपनीवाले दीडशे किलोमीटरवरचे पट्टाया घुसडतात. समुद्र पाहायला इतके लांब कशाला? समुद्र आपल्या अलिबागलाही आहे. निम्मा वेळ मोटारीत डुलक्या काढण्यात जाईल. त्यापेक्षा उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर अयुथया आहे तेथे जावे. आगगाडी जाते, भाडेही बेताचे. हे नाव अयोध्येवरून पडले आहे. पूर्वी हीच राजधानी होती. 1767 साली ब्रह्मी सैन्याने ती उद्ध्वस्त केली. आज तेथे पडक्या विटांची देवळे उभी आहेत आणि एका झाडाच्या मुळ्यांनी बुद्धाचे मस्तक कवेत धरले आहे.

बँकॉक वसले ते त्यानंतर. 1782 साली पहिल्या राम राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर राजधानी आणली. थाई लोक शहराला क्रुंग थेप म्हणतात. थेप म्हणजे देव. शहराचे पुरे नाव एका दमात म्हणता येणार नाही एवढे लांब आहे. त्यात नवरत्ने आहेत, राजधानी आहे, इंद्र आहे आणि विश्वकर्माही आहे. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. तेथे आत समुद्रमंथनाचे मोठे शिल्प आहे. देव एका बाजूला, दानव दुसऱ्या बाजूला. आपला माणूस तेथे क्षणभर थांबतोच.

पहिला दिवस नदीकाठी घालवावा. सकाळी लवकर राजवाडा पाहावा, कारण दुपारी साडेतीनला तिकीट बंद होते. दाराबाहेर एखादा गोड बोलणारा भेटतो. "आज राजवाडा बंद आहे, चला दुसरे देऊळ दाखवतो," म्हणतो आणि तीन चाकी रिक्षातून हिऱ्या-माणकांच्या दुकानात नेऊन बसवतो. त्याचे ऐकू नका. सरळ दरवाजापर्यंत चालत जा आणि पहारेकऱ्याला विचारा. अंगावर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. साडी, पंजाबी पोशाख, लांब विजार चालते.

आवारात हिरव्या पाषाणाच्या बुद्धाचे देऊळ आहे. मूर्ती लहान, हात-दीड हातभर. वर्षातून तीनदा, ऋतू पालटला की राजा स्वतः तिची वस्त्रे बदलतो. भोवतीच्या ओवरीच्या भिंतींवर सबंध रामायण रंगवलेले आहे. त्यांच्या रामायणाला रामकियेन म्हणतात. रावणाला ते थोत्सकान म्हणतात, म्हणजे दशकंठ. आपला मारुती ब्रह्मचारी. त्यांचा मारुती मात्र संसारी आहे, त्याने रावणाच्या मत्स्यकन्येशी सूत जमवले! ऐकून हसू येते, पण तेथे उभे राहून थट्टा करू नये. ज्याची त्याची श्रद्धा. राजघराण्याविषयी तर वेडेवाकडे बोलूच नये. तेथे त्याबद्दल कडक कायदा आहे आणि तुरुंगवास होतो.

तेथून चालत जाण्याजोगे वाट फो हे देऊळ आहे. वाट म्हणजे देऊळ. आत पहुडलेला बुद्ध आहे, लांबी 46 मीटर, उंची 15 मीटर. आपल्या लोणावळा लोकलचे दोन डबे एकामागे एक ठेवले तरी मूर्तीच जास्त भरेल. तळपायांवर शिंपल्यांच्या तुकड्यांनी 108 शुभचिन्हे जडवली आहेत. आमच्या बरोबरच्या एक वहिनी तेथे बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "शेलारवाडीच्या लेण्यात दगड बघितला, इथं सोनं बघितलं." शेलारवाडीच्या डोंगरातली लेणी बौद्धांचीच आहेत, आणि आपण मात्र ती फारशी पाहात नाही.

मग नावेने पलीकडच्या काठावर वाट अरुणला जावे. अरुण म्हणजे पहाटेचा अरुण. शिखरावर चिनी मातीच्या फुटक्या बश्यांचे तुकडे बसवून फुले केली आहेत. देवळांत जोडे बाहेर काढावेत. बुद्धाकडे पाय करून बसू नये. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. कोणाच्या मुलाच्या डोक्यावरून कौतुकानेही हात फिरवू नये, त्यांना ते आवडत नाही.

जेवणाचे सांगतो. माळकऱ्यांनी जपून राहावे. तेथे भाजीतसुद्धा मासळीचे पाणी घालतात. पिवळ्या निशाणावर लाल अक्षर दिसले तर तेथे शाकाहारी मिळते, त्याला 'जे' म्हणतात. पाहुरत पेठेत आपल्याकडचे लोक पुष्कळ आहेत, गुरुद्वाराही आहे. तेथे पोळीभाजीची सोय होते. भात तर सगळीकडे आहे. इंद्रायणीचा वास मात्र त्याला नाही, असे आमचे मत.

येताना आपली बॅग आपणच भरावी आणि आपणच कुलूप लावावे. ओळख झालेला कोणी म्हणेल, "काका, एवढं पार्सल मुंबईला न्या, भाचा घ्यायला येईल." नेऊ नका. बँकॉकहून गांजा घेऊन येणारे प्रवासी मुंबईच्या विमानतळावर अलीकडे वारंवार पकडले जातात. पार्सल कोणाचे, हे तेथे कोणी ऐकून घेत नाही. ज्याच्या बॅगेत माल, त्याच्या हातात बेड्या. पासपोर्टची एक प्रत वेगळ्या पिशवीत ठेवा, एक घरी ठेवा. उतरलेल्या हॉटेलचे कार्ड खिशात असू द्या, चुकलात तर टॅक्सीवाल्याला ते दाखवता येते. प्रवाशांसाठी तेथे वेगळे पोलीस आहेत, त्यांचा फोन 1155. हा आकडा एका चिठ्ठीवर आपल्या हाताने लिहा आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.