वाचावी, पण बदलू नये अशी ओळ

जमाखर्चाच्या शिस्तीत एक नियम कटाक्षाने पाळावयाचा असतो. वहीत एकदा लिहिलेली रक्कम खरवडून काढावयाची नाही. चूक झाली तर उलटी नोंद घालावी, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. आज पतसंस्थांचे आणि गृहनिर्माण संस्थांचे हिशेब संगणकावर गेले आहेत. तेथे शाई नाही, त्यामुळे खाडाखोडीचा डागही उरत नाही. म्हणून पडद्यावरील तक्त्यात काही ओळी केवळ वाचनासाठी राखून ठेवाव्या लागतात. ही राखण कशी होते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

उदाहरणादाखल एकच साधन घेऊ. मायक्रोसॉफ्टने २००५ साली डॉट नेट फ्रेमवर्कच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर 'डेटाग्रिडव्ह्यू' नावाचा तयार तक्ता प्रोग्रॅमरांच्या हाती दिला. त्यात लिखाणबंदी चार ठिकाणी घालता येते: सबंध तक्त्याला, एका स्तंभाला, एका ओळीला किंवा एका घराला. मंजूर झालेल्या पावतीची ओळ बंद करावी आणि कच्च्या पावतीची उघडी ठेवावी, इतके हे सोपे वाटते.

परंतु येथेच पहिली मेख आहे. पाचवी ओळ बंद केली आणि कारकुनाने तक्ता तारखेऐवजी नावाच्या क्रमाने लावला, तर पाचव्या जागी दुसरीच पावती येते. बंदी जागेला घातली होती. ती पावतीबरोबर जाईलच असे नाही. यासाठी ओळ बंद की उघडी, हे तिच्या जागेवरून ठरवू नये. ते तिच्यातल्या मजकुरावरून, म्हणजे 'मंजूर' या शेऱ्यावरून, ठरवावे. कोणी घरात लिहू लागताच तक्ता प्रोग्रॅमला तशी वर्दी देतो. त्या क्षणी शेरा पाहून परवानगी द्यावी किंवा नाकारावी, हा मार्ग अधिक भरवशाचा.

दुसरी गोष्ट अशी, की लिहिण्याची बंदी म्हणजे पुसण्याची बंदी नव्हे. ओळ पुसण्याची मुभा या तक्त्यात वेगळी असते. ती उघडी राहिली, तर ज्या ओळीतला एक आकडाही बदलता येत नाही, ती सबंध ओळ एका कळीसरशी नाहीशी होऊ शकते!

तिसरी गोष्ट माणसाविषयीची आहे. बंद ओळ नुसती मुकी ठेवली, तर कारकुनाला वाटते की यंत्र बिघडले. ती फिक्या रंगात दाखवावी आणि 'ही पावती मंजूर झाली आहे' असे कारणही सांगावे. तिच्यातला मजकूर वाचण्याची व उतरून घेण्याची सोय मात्र काढून घेऊ नये.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पडद्यावरील तक्ता ही केवळ खिडकी आहे. हिशेबाची तिजोरी आतल्या डेटाबेसमध्ये असते. खिडकीला कितीही गज लावले, तरी दुसऱ्या दाराने आत जाणाऱ्याला त्यांची अडचण होत नाही. शिवाय एकाच वेळी दोघे काम करीत असतात. एकाच्या पडद्यावर पावती कच्ची दिसत असतानाच दुसरा ती मंजूर करून टाकतो. यास्तव बदल साठविण्याच्या क्षणी, 'अजून मंजूर नसेल तरच बदल' ही अट डेटाबेसनेच तपासली पाहिजे. अट फसली, तर कारकुनाला तसे स्पष्ट कळवले पाहिजे.

कायद्यानेही हीच दिशा धरली आहे. मार्च २०२१ मध्ये आपल्या देशात कंपन्यांच्या हिशेबाचे नियम दुरुस्त झाले. त्यांतील एक तरतूद १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांना लागू झाली. संगणकावर वह्या ठेवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमने प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवावी आणि ही नोंद कोणालाही बंद करता येऊ नये, असे ती सांगते. हा नियम कंपन्यांपुरता असला, तरी त्यामागील तत्त्व सर्वांनी घेण्याजोगे आहे.

मंजूर ओळ चुकली असेल तर काय करावे? कुलूप काढू नये. उलटी नोंद घालावी. सभासदाने वर्षभराने विचारले, "माझे पैसे कधी जमा झाले आणि ही रक्कम कोणी बदलली?" तर त्याचे उत्तर वहीतच सापडले पाहिजे. आपल्या संस्थेचा हिशेब ज्या प्रोग्रॅमात ठेवला जातो, त्यात हे उत्तर मिळते की नाही, एवढे प्रत्येक सभासदाने येत्या वार्षिक सभेत अवश्य विचारावे.