सायकलच्या गिअरची कळ : किंमत आणि उपयोग

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या जून महिन्यांत माझ्या नातीला कॉलेजांत जाण्यासाठीं सायकल घ्यावयाचें ठरलें. घरापासून कॉलेज साडेसात किलोमीटर, आणि वाटेंत गणेशखिंडीचा चढ. तेव्हां गिअर हवेतच, याविषयीं घरांत दुमत नव्हतें. दुमत झालें तें दुकानांत गेल्यावर, आणि तेंहि एका लहानशा वस्तूवरून. ती वस्तु म्हणजे गिअर बदलण्याची कळ. एका प्रकारची कळ दोनतीनशें रुपयांत मिळते. दुसऱ्या प्रकारच्या जोडीच्या किंमतींत साध्या दोन सायकली याव्यात. हा फरक कशाचा, आणि आपल्यासारख्या बेताच्या मिळकतीच्या माणसांनीं त्यासाठीं किती पैसे मोजावे, एवढ्याचाच विचार आज करावयाचा आहे.

गिअर हे कांहीं शक्ति निर्माण करीत नाहींत. पुढच्या चाकीला ४२ दांत आणि मागच्या चक्रीला १४ असले, म्हणजे पायट्याच्या एका फेऱ्यांत मागचें चाक तीन वेळां फिरतें. तीच साखळी २८ दांतांच्या चक्रीवर आणली तर तें दीडच वेळां फिरतें. वेग निम्मा होतो, पण पायावरचा भारहि निम्मा होतो. हा बदल योग्य क्षणीं व्हावा, आणि करतांना तोल जाऊं नये, एवढेंच कळीचें काम. परंतु चढावर, वाहनांच्या गर्दींत, तो ‘योग्य क्षण’ फार लहान असतो.

माझ्या वडिलांची इंग्रजी सायकल तीन गिअरांची होती. तिचे गिअर मागच्या चाकाच्या हबाच्या पोटांत. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कारखान्यानें हा हब १९३६ सालीं काढला. त्यांतील मधल्या गिअरला चाक व चक्री बरोबर फिरतात, पहिल्याला चाकाची गति पाऊणपट होते, आणि तिसऱ्याला सवापटीहून थोडी अधिक. कळ हँडलवर मुठीजवळ. बोटानें एक खटका दिला कीं काम झालें. याचा मोठा गुण असा कीं, सायकल उभी असतांनाहि गिअर बदलतो. चौकांत पोलिसानें हात दाखविला आणि आपण वरच्या गिअरवर अडकलों, ही पंचाईत येथें होत नाहीं. साखळी सरळ रेषेंत राहते म्हणून ती झिजतेहि कमी. तो नॉटिंगहॅमचा कारखाना २००० सालीं बंद पडला, पण तैवानच्या एका कंपनीनें तें काम उचललें आणि हे हब आजहि निघतात. उणीव एकच : तार थोडी सैल झाली तर दुसऱ्या व तिसऱ्या गिअरच्या मध्यें पाय एकदम पोकळ फिरतो, आणि उभें राहून पायटे मारणारा माणूस तोंडावर येतो.

साखळी एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी. त्यास डीरेलर म्हणतात. फ्रान्समधील प्रसिद्ध ‘टूर’ शर्यतींत व्यावसायिक स्पर्धकांना १९३७ पर्यंत याची मनाई होती. बिचारे चढाच्या पायथ्याशीं उतरून मागचें चाक उलटें करून बसवीत! या यंत्राची सर्वांत जुनी आणि साधी कळ म्हणजे सांगाड्याच्या तिरप्या नळीवरील लहानशी दांडी. तींत खटके नसतात. दांडी हवी तेवढी ओढावयाची, साखळीचा खडखडाट थांबला म्हणजे ती बसली असें समजावयाचें. हिच्यांत बिघडण्यासारखें जवळ जवळ कांहींच नाहीं. मागें पांच चक्र्या असोत वा आठ, हिला दोन्ही सारखींच. किंमतहि सर्वांत कमी.

नातीसाठीं मी हीच सुचविणार होतों. पण मला १९९२ सालची एक सकाळ आठवली. शाळेची घंटा व्हावयास थोडा अवकाश होता. गणेशखिंडीच्या चढावर मागून बस येत होती. मीं उजवा हात हँडलवरून काढून खालीं दांडीकडे नेला, आणि नेमकें त्याच वेळीं पुढचें चाक खड्ड्यांत गेलें. मनगट मोडलें, सव्वा महिना डाव्या हातानें फळ्यावर लिहिलें. बसवाल्यानें ब्रेक लावला म्हणून आज आपणांपुढें बोलत आहें. तेव्हां स्वस्ताई ही केवळ पावतीवर पाहून चालत नाहीं.

पुढें जपानच्या शिमानो कंपनीनें १९८४ सालीं खटक्यांची रचना बाजारांत रूढ केली. कळीच्या पोटांत दांते असतात. प्रत्येक खटक्यास तार ठराविक लांबीनेंच ओढली जाते, आणि साखळी बरोबर एक चक्री सरकते. कानानें अंदाज घेण्याची गरज राहिली नाहीं. नवशिक्यासहि गिअर साधूं लागले. पण या सोयीबरोबर एक बंधन आलें. कळ, डीरेलर, चक्र्या ही सर्व एकमेकांच्या मापाचीं लागतात. सात चक्र्यांची कळ नऊ चक्र्यांस चालत नाहीं. चक्र्या वाढल्या कीं साखळी अरुंद व महाग होते. कळीची खरी किंमत ही अशी मागाहून, साखळीच्या आणि चक्र्यांच्या रूपानें, द्यावी लागते.

खटक्यांच्या कळींतहि प्रकार आहेत. मूठ पिळून बदलावयाची कळ सर्वांत स्वस्त. लहान मुलांना ती आवडते, पण पावसांत ओल्या हातांतून निसटते. हँडलखालीं दोन लहान दांड्यांची कळ, एक अंगठ्यानें आणि एक तर्जनीनें दाबावयाची, ही थोडी महाग, पण मूठ सुटत नाहीं. हिच्याविषयीं एक अनुभवाची गोष्ट सांगतों. चारपांच वर्षांनीं ही कळ कधीं कधीं नुसती टकटक करते, तार ओढीत नाहीं. दुकानदार नवी घ्यावयास सांगतो. बहुधा आंतील ग्रीस घट्ट झालेलें असतें, दुसरें कांहीं नाहीं. पातळ तेल सोडून ती वीसपंचवीस वेळां दाबावी. पुष्कळदां ती पूर्ववत् चालूं लागते. माझ्या शेजाऱ्यांचे हजारबाराशें रुपये असेच वांचले.

वांकड्या हँडलच्या सायकलीस १९९० पासून ब्रेकच्या दांडींतच गिअरची कळ बसवूं लागले. शर्यतीच्या माणसास ती वरदान आहे यांत शंका नाहीं. पण सायकल आडवी पडली कीं प्रथम जमिनीस लागते ती हीच दांडी, आणि तिचा आंतील भाग मोडला तर बहुधा सगळी दांडीच बदलावी लागते. शिवाय कांहीं दांड्यांत तार आंतल्या आंत वळते त्या ठिकाणीं तिचे धागे तुटतात. वेळींच न बदलल्यास तुकडा आंत अडकून बसतो. शिमानोनें २००९ सालीं विजेवर चालणारे गिअर काढले. त्यांत तार ताणण्याचा प्रश्नच नाहीं, लहानशी मोटर साखळी सरकविते. मात्र त्या सर्व संचाची किंमत आपल्याकडे लाखाच्या पुढें जाते, आणि बॅटरी भरावयास विसरलें तर चढावर काय करावें, याचें उत्तर दुकानदारानें मला हंसूनच दिलें.

नात म्हणाली, “आजोबा, तुम्हीं पडलांत ती दांडी मला नको, आणि ती लाखाचीहि नको.” मागें सात चक्र्या, पुढें एकच चाकी, आणि उजव्या मुठीखालीं दोन दांड्यांची खटक्याची कळ, अशी सायकल घेतली. पुढें एकच चाकी असल्यानें डाव्या हातास कळच नाहीं. एक कळ आणि एक तार वांचली. नवी तार पहिल्या महिन्यांत थोडी बसते, मग खटका एक आणि साखळी अर्ध्यावर अशी गत होते. त्या वेळीं डीरेलरजवळचा तार ताणण्याचा लहान गोल स्क्रू अर्धा फेरा उलट फिरवावा. साखळी मोठ्या चक्रीकडे जाण्यास कुरकुरत असेल तर हाच उपाय. तिला हें मीं एकदां दाखविलें. दुसऱ्यांदा तिनेंच केलें, आणि वडिलांच्या जुन्या सायकलची सैल तारहि त्याच दिवशीं नीट करून ठेवली.