अथेन्सची मशीद आणि थ्रेसची विधवा

राज्यांत अल्पसंख्य समाजास न्याय मिळतो कीं नाहीं, याची परीक्षा दोन ठिकाणीं होते. त्या समाजास उजळ माथ्यानें प्रार्थना करण्यास जागा आहे काय, हें पहिलें ठिकाण. आणि त्या समाजांतलें सर्वांत दुबळें माणूस न्यायालयाची पायरी चढलें असतां त्यास इतर नागरिकांचाच कायदा मिळतो काय, हें दुसरें. पहिल्याविषयीं वर्तमानपत्रांत पुष्कळ शाई खर्च होते. दुसऱ्याकडे बहुसंख्यांचें लक्ष नसतें, आणि अल्पसंख्यांचे पुढारी तर तिकडे पाठ फिरवूनच बसलेले असतात. ग्रीस देशांतील मुसलमानांच्या प्रकरणांत हे दोन्ही प्रश्न उघडे पडले आहेत. निरनिराळ्या धर्मांचे लोक जेथें एका छपराखालीं नांदतात, अशा आमच्या देशांतील वाचकांनीं तें प्रकरण मुळापासून पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम राजधानीची गोष्ट. १८३३ सालीं तुर्की शिबंदी अथेन्स सोडून गेली, तेव्हांपासून त्या शहरांत सरकारमान्य अशी एकहि चालती मशीद राहिली नाहीं. १७५९ सालची त्सिस्ताराकी मशीद मोनास्तिराकीच्या चौकांत उभी आहे खरी. पण तिच्याकडून कधीं बराकीचें, कधीं तुरुंगाचें, शेवटीं पदार्थसंग्रहालयाचें काम घेण्यांत आलें. नित्य नमाजाचें तेवढें घेतलें नाहीं. नवी मशीद बांधण्याचा कायदा १८९० सालीं झाला, २००० सालीं झाला, २००६ सालीं पुन्हां झाला. कागदावर इतक्या वेळां मशीद बांधणारें दुसरें सरकार क्वचितच सापडेल! मध्यंतरीं पाकिस्तान, बांगलादेश, ईजिप्त, सीरिया येथून पोट भरण्यास आलेल्या हजारों मजुरांनीं तळघरांत आणि मोटारी ठेवण्याच्या खोल्यांत नमाज पढला. अखेर नोव्हेंबर २०२० मध्यें व्होतानिकोस भागांत, आरमाराच्या जुन्या जागेवर, सरकारी खर्चानें सुमारें साडेतीनशें माणसांपुरती मशीद उघडली. तिला मिनार नाहीं. कळस न चढवितां देऊळ बांधा, असें कोणी आम्हांस सांगितलें असतें तर आम्हीं काय म्हटलें असतें, हें ज्याचें त्यानें मनाशीं ठरवावें. स्वित्झर्लंडनें तर २९ नोव्हेंबर २००९ रोजीं सार्वमत घेऊन, शेंकडा ५७.५ मतांनीं, नव्या मिनारांची बंदी आपल्या राज्यघटनेंतच घातली. तेव्हां त्या सबंध देशांत मिनार होते अवघे चार! बहुमतानें कर ठरवावे, रस्ते ठरवावे. शेजाऱ्याच्या प्रार्थनास्थळाची उंची मोजण्यास बहुमत हें माप नव्हे.

राजधानी सोडून उत्तरेस तुर्कस्तानच्या सरहद्दीकडे पश्चिम थ्रेसमध्यें गेलें म्हणजे अगदीं उलट देखावा दिसतो. तेथें मशिदींची वाण नाहीं. १९२३ सालीं ग्रीस व तुर्कस्तान यांनीं माणसांची जी अदलाबदल केली, तींत सुमारें बारा लाख ख्रिस्ती एका बाजूस आणि साडेतीन लाखांवर मुसलमान दुसऱ्या बाजूस गेले. पश्चिम थ्रेसचे मुसलमान व इस्तंबूलचे ग्रीक यांस मात्र जागच्या जागीं राहूं दिलें, आणि लोझानच्या तहानें त्यांच्या धर्मसंस्थांस अभय मिळालें. आज थ्रेसमधील हा समाज लाखाच्या घरांत आहे. त्यांत तुर्की बोलणारे आहेत, डोंगरांतले पोमाक आहेत, रोमा आहेत. दिदिमोतिहो येथील पंधराव्या शतकांतील मशीद युरोपांतल्या जुन्या उस्मानी मशिदींपैकीं एक. २०१७ सालच्या आगींत तिचें लांकडी छप्पर जळालें.

परंतु तहाचें अभय दोन्ही सरकारांनीं ओलिसासारखें वापरलें. तुमच्याकडे आमच्या माणसांस जसें वागवाल तसें आमच्याकडे तुमच्यांस वागवूं, असा त्याचा अर्थ लाविला गेला. १९७१ सालीं तुर्कस्तानांत हाल्कीची ख्रिस्ती धर्मपाठशाळा बंद पडली. इकडे १९५५ पासून १९९८ पर्यंत ग्रीसच्या नागरिकत्वाच्या कायद्यांत असें कलम होतें कीं, ग्रीक वंशाचा नसलेला माणूस परत न येण्याच्या इराद्यानें देश सोडून गेला, असें सरकारास वाटलें म्हणजे त्याचें नागरिकत्व काढून घ्यावें. थ्रेसचे हजारों मुसलमान या कलमाखालीं बेवतन झाले. जकातीच्या दरांत परस्परता शोभते. स्वतःच्या नागरिकास परक्या सरकारच्या पापाचें प्रायश्चित्त देणें यास कायदा म्हणतां येत नाहीं.

आतां विधवेचें प्रकरण. कोमोतिनीच्या एका मुसलमान गृहस्थानें २००३ सालीं ग्रीक कायद्याप्रमाणें नोटरीपुढें मृत्युपत्र करून सारी मिळकत बायकोस दिली. २००८ सालीं तो वारला. त्याच्या दोन बहिणी उठल्या व म्हणाल्या, आमचा भाऊ थ्रेसचा मुसलमान, सबब त्याचें मृत्युपत्र निरर्थक. वारसा धर्मशास्त्रानेंच गेला पाहिजे. खालच्या दोन कोर्टांनीं विधवेस न्याय दिला. परंतु २०१३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तहाकडे बोट दाखवून तो निकाल फिरविला, आणि तिच्या हातून तीन चतुर्थांश मिळकत गेली. मूल नसलेल्या विधवेस चौथाई, हें शास्त्राचें गणित बरोबरच आहे, आणि त्या शास्त्राची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या काळीं त्यानें बायकोस व बहिणीस नांवानिशीं वांटा दिला, त्या काळीं तें पुढचेंच पाऊल होतें. हिंदु मुलीस बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा वारसा १९५६ च्या कायद्यानें मिळाला, हें आम्हीं विसरूं नये. प्रश्न शास्त्राचा नसून सक्तीचा आहे. ज्या गृहस्थानें स्वखुषीनें देशाचा सामान्य कायदा पत्करला, त्यास तो केवळ जन्मानें मुसलमान म्हणून नाकारावयाचा काय?

आमच्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत १८४७ सालीं सर अर्स्किन पेरी यांच्यापुढें खोजांचा खटला चालला, तेव्हां मुलींनीं कुराणाप्रमाणें वांटा मागितला आणि कोर्टानें जातीची वहिवाट धरून तो नाकारला. तेथें बाईस शास्त्र हवें होतें, तें मिळालें नाहीं. येथें नको होतें, तें गळ्यांत बांधलें. समाजाचे हक्क राखण्याच्या नांवाखालीं दोन्हीं वेळां एकाच पक्षाचें नुकसान झालें.

स्ट्रासबर्गच्या मानवी हक्कांच्या न्यायालयानें १९ डिसेंबर २०१८ रोजीं एकमतानें विधवेच्या बाजूनें निकाल दिला. अल्पसंख्य समाजांत राहणें जसा हक्क आहे, तसा त्या समाजाचे विशेष नियम न पत्करणें हाहि हक्क आहे, असें त्याचें तात्पर्य. अल्पसंख्यांच्या हक्कांची याहून मोठी सनद आम्हांस ठाऊक नाहीं.

मुफ्तीच्या नेमणुकीचा वादहि या दृष्टीनें पाहावा. मुफ्ती सरकारनें नेमावा, असें १९९१ च्या कायद्यानें ठरविलें. तो न्यायाधीशाचें काम करतो, हें त्याचें समर्थन. समाजानें आपले मुफ्ती निवडले तेव्हां त्यांच्यावर खटले झाले, आणि १९९९ सालीं याच स्ट्रासबर्गच्या न्यायालयानें तशी एक शिक्षा धर्मस्वातंत्र्याविरुद्ध ठरविली. आमच्या मतें गांठ सोडविण्याचा मार्ग सरळ आहे: मुफ्तीच्या हातून न्यायदान काढून घ्यावें आणि मग त्याची निवड खुशाल त्याच्या जमातीवर सोंपवावी. कोर्ट सरकारचें, मिंबर जमातीचें.

ग्रीसनें अर्धें पाऊल टाकलें आहे. जानेवारी २०१८ च्या कायद्यानें वारसा सामान्य कायद्याप्रमाणें जातो. शास्त्राप्रमाणें जावा अशी इच्छा असल्यास माणसानें हयातींत नोटरीपुढें तसें लिहून द्यावें लागतें. विवाहादि तंट्यांत दोन्ही पक्षांच्या संमतीखेरीज मुफ्तीस हात घालतां येत नाहीं. परंतु सासरच्या चार पुरुषांसमक्ष डोंगरांतल्या खेड्यांतील बाईनें दिलेली संमति कितपत खरी, हें कोणत्याहि वकिलास सांगावें लागणार नाहीं. संमतीच्या कागदावर सही होण्यापूर्वीं सरकारी न्यायाधीशानें त्या बाईस एकटीस बोलावून, तिच्याच भाषेंत, दोन्ही कायद्यांत तिचा हक्क काय व किती, हें सांगावें आणि तसें सांगितल्याचा शेरा कागदावर मारावा, एवढी दुरुस्ती ग्रीक सरकारनें केलीच पाहिजे.