वाहनाची ओळखपट्टी आणि शेतमालाची वाट

शेतात पिकलेल्या मालाचे भाग्य पुष्कळ अंशी वाटेवर ठरत असते. ज्वारी, तूर किंवा हरभरा बाजारात पोहोचण्यास चार तास उशीर झाला तरी त्या मालाचे फारसे बिघडत नाही. परंतु टोमॅटो, कोथिंबीर, मेथी, फुले किंवा द्राक्षे यांच्या बाबतीत तोच उशीर शेतकऱ्याच्या पदरी तोटा टाकून जातो. पहाटेचा लिलाव चुकला म्हणजे माल तोच राहिला तरी भाव तोच राहत नाही. यास्तव चांगले बियाणे, वेळेवर पाणी व योग्य खत यांच्याइतकेच मालाच्या वाहतुकीकडेही लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. अलीकडे महाराष्ट्रात लांब पल्ल्याचे नवे मार्ग झाले आहेत आणि त्यांवर वाहनाची ओळख माणूस न पटविता यंत्र पटवू लागले आहे. या दोन्ही गोष्टींचा लाभ शेतकऱ्यास कसा घेता येईल, याचा येथे विचार केला आहे.

नव्या मार्गाचे स्वरूप

नागपूर ते मुंबई हा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून तो महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यानंतर २०२३ व २०२४ या वर्षी पुढचे दोन टप्पे झाले आणि इगतपुरी ते ठाणे जिल्ह्यातील आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस मिळाला. नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, नाशिक व ठाणे या दहा जिल्ह्यांतून तो जातो. विदर्भातील संत्रे, जालन्याकडील मोसंबी, नाशिक भागातील कांदा व भाजीपाला यांना मुंबईची बाजारपेठ त्यामुळे वेळेच्या दृष्टीने जवळ आली आहे.

तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा मार्ग प्रवेश-नियंत्रित आहे. तो ३९२ गावांच्या शिवारांतून जात असला तरी प्रत्येक गावातून त्यावर चढता येत नाही; त्यासाठी ठरावीक ठिकाणी इंटरचेंज म्हणजे चढ-उताराचे मार्ग ठेवले आहेत. ज्या गावाने रस्त्याला जमीन दिली, त्याच गावच्या मालाला कधी कधी पंधरा-वीस किलोमीटर मागे जाऊन मार्ग गाठावा लागतो. म्हणून महामार्गाचा उपयोग करू इच्छिणाऱ्या गावाने आपला इंटरचेंज कोणता, तेथपर्यंतचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो आणि मोठे वाहन शेताच्या बांधापर्यंत येऊ शकते की नाही, याची पाहणी आधी करावी. नियमानुसार द्रुतगती मार्गावर मालवाहू वाहनाची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. मोटारीच्या प्रवासाचा वेळ ऐकून मालमोटारीचा हिशेब बांधू नये.

जकात नाक्यापासून ओळखपट्टीपर्यंत

जुन्या पिढीतील शेतकऱ्यांना जकात नाक्यांवरील रांगा आठवत असतील. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा मुंबईतील जकातही संपुष्टात आली. रस्त्याच्या वापराबद्दल द्यावयाचा पथकर, म्हणजे टोल, मात्र कायम राहिला. तो रोखीने घेताना सुटे पैसे, पावती व वादावादी यांत वेळ जाई आणि रांगेत उभ्या वाहनांचे इंधन जळे. २०१० साली नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने यावर उपाय म्हणून रेडिओ लहरींनी ओळखता येणाऱ्या पट्टीची शिफारस केली. हीच आजची फास्टॅग पट्टी होय. १ डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकी वाहनांवर ती विक्रीच्या वेळीच लावणे बंधनकारक झाले. राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांच्या सर्व मार्गिका १६ फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅगच्या झाल्या आणि महाराष्ट्र शासनाने राज्यातील पथकर नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून तिची सक्ती केली.

पट्टी काम कशी करते

फास्टॅगमध्ये विजेरी नसते. तिच्यात एक सूक्ष्म चिप व तिला जोडलेली पातळ धातूची तार, म्हणजे अँटेना, असते. नाक्यावर वर बसविलेले यंत्र रेडिओ लहरी सोडते. त्या लहरींतूनच पट्टीला काम करण्यापुरती शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक परत कळविते. हा क्रमांक वाहनाच्या नोंदणीशी व मालकाच्या खात्याशी जोडलेला असतो. राष्ट्रीय देयक महामंडळाच्या व्यवस्थेतून तो क्रमांक तपासला जातो, पट्टी देणाऱ्या बँकेकडील खात्यातून रक्कम वजा होते आणि मालकाच्या भ्रमणध्वनीवर संदेश येतो. समृद्धी महामार्गासारख्या ठिकाणी वाहन कोठे चढले व कोठे उतरले याची नोंद होऊन अंतराप्रमाणे आकारणी केली जाते.

हे कार्य समजले म्हणजे पट्टी कशी लावावी हेही समजते. रेडिओ लहरी काचेतून जातात, धातूतून जात नाहीत. म्हणून पट्टी समोरच्या काचेवर आतल्या बाजूने, आरशाच्या मागे, घट्ट चिकटवावी. ती खिशात किंवा डब्यात ठेवून नाक्यावर हाताने दाखविणे योग्य नाही. अशा सुट्या पट्ट्या काळ्या यादीत टाकण्याचे धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. एका वाहनाची पट्टी दुसऱ्या वाहनावर लावणेही तितकेच अयोग्य होय. जीपची पट्टी मालवाहू पिकअपवर लावल्यास वाहनाचा वर्ग व पट्टीचा वर्ग जुळत नाही आणि वाहन अडते.

वाहन नाक्यावर का अडते

बहुतेक वेळा वाहन अडण्याचे कारण यंत्रात नसून तयारीच्या अभावात असते. खात्यात रक्कम नसणे, मालकाची ओळखविषयक कागदपत्रे अपुरी राहणे, जुने वाहन विकत घेतल्यावर पूर्वीच्या मालकाच्याच नावाची पट्टी वापरीत राहणे, ही त्यांतील मुख्य कारणे होत. जुने वाहन घेणाऱ्या शेतकऱ्याने नोंदणीपुस्तक आपल्या नावावर करून घेताना जुनी पट्टी बंद करवावी व आपल्या भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेली नवी पट्टी घ्यावी. सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे असता पीककर्ज मिळविताना जी अडचण येते, तशीच ही अडचण आहे.

खात्यात पैसे भरावयाचे ते नाक्याच्या रांगेत उभे राहून नव्हे, तर माल भरण्यापूर्वी घरीच भरावेत. काळ्या यादीत गेलेली पट्टी रक्कम भरताच सर्व नाक्यांवर त्या क्षणी चालू झालेली दिसेल, असा भरवसा धरू नये. वैध पट्टी नसलेल्या वाहनास अधिक पथकर पडतो. राष्ट्रीय महामार्गांसाठी १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अशा वाहनास यूपीआयने भरल्यास सव्वापट व रोखीने भरल्यास दुप्पट दर ठरविण्यात आला.

याउलट, दोष नाक्याच्या यंत्राचा असेल तर त्याचा भुर्दंड वाहनधारकावर नाही. पट्टी वैध व चालू असून खात्यात पुरेशी रक्कम असताना केवळ यंत्राच्या बिघाडामुळे ती वाचली गेली नाही, तर राष्ट्रीय महामार्गावर वाहनास पथकर न घेता सोडावे आणि शून्य रकमेची पावती द्यावी, अशी तरतूद २०१८ च्या अधिसूचनेने केली आहे. ही तरतूद चालकास माहीत असावी. राष्ट्रीय महामार्गावरील तक्रारीसाठी १०३३ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

भाड्याच्या वाहनाचा हिशेब

बहुसंख्य शेतकऱ्यांचे स्वतःचे मालवाहू वाहन नसते. चार-सहा जण मिळून एक पिकअप ठरवितात व भाडे क्रेटवर वाटून घेतात. पूर्वी नाक्यावरची कागदी पावती सर्वांना दिसत असे. आता रक्कम मालकाच्या खात्यातून जाते आणि संदेशही त्याच्याच भ्रमणध्वनीवर येतो. त्यामुळे मालाच्या मालकाला पथकर किती पडला हे समजत नाही आणि गैरसमजास जागा राहते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत एकदा संशय शिरला की एकत्र माल पाठविण्याची पद्धत मोडते, आणि सुटा माल गावातच व्यापारी म्हणेल त्या भावाने द्यावा लागतो. हे टाळण्यासाठी हिशेब उघड ठेवणे हाच मार्ग आहे.

समजा, एका हलक्या मालवाहू वाहनाने समृद्धी महामार्गावर २५० किलोमीटर अंतर काटले. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दर किलोमीटरला ३ रुपये ३२ पैसे या दराने पथकर ८३० रुपये होतो. वाहनात ६० क्रेट असल्यास दर क्रेटला सुमारे १४ रुपये पडतात. परतीचा प्रवास त्याच मार्गाने झाला तर आणखी ८३० रुपये लागतील. हे परतीचे पैसे कोणी द्यावयाचे, ते माल भरण्यापूर्वी ठरवावे. येताना खत, बियाणे, पशुखाद्य किंवा किराणा माल आणता आला तर तो भार वाटला जातो. फास्टॅगच्या खात्याच्या उताऱ्यात नाका, वेळ व रक्कम यांची नोंद असते. तो उतारा वाहनमालकाने गटाला दाखवावा आणि गटाने वहीत उतरून घ्यावा. लवकर पोहोचल्याने मिळालेला अधिक भाव या खर्चाहून जास्त असेल तरच महामार्ग परवडला असे समजावे. टिकाऊ मालाला जुना रस्ताच स्वस्त पडण्याचा संभव असतो.

सवलती व बंधने

राष्ट्रीय महामार्गांच्या पथकर नियमांनुसार ट्रॅक्टर, कापणी-मळणी यंत्र व बैलगाडी यांच्यावर पथकर नाही. मात्र जेथे सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता आहे, तेथे त्यांनी मुख्य मार्गावर येऊ नये, असाही नियम आहे. प्रवेश-नियंत्रित द्रुतगती मार्गावर तर त्यांना मज्जावच आहे, कारण वेगाने येणाऱ्या वाहनांपुढे संथ ट्रॉली येणे प्राणघातक ठरते. म्हणून ट्रॅक्टरने माल इंटरचेंजजवळच्या गोळा करण्याच्या ठिकाणापर्यंत न्यावा व तेथे मोठ्या वाहनात भरावा.

राष्ट्रीय महामार्गाच्या एखाद्या नाक्यावरून २४ तासांच्या आत परत येणाऱ्या फास्टॅगधारकास दोन्ही फेऱ्या मिळून एकेरी दराच्या दीडपट आकार पडतो. त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या, राष्ट्रीय परवाना नसलेल्या व्यापारी वाहनास, पर्यायी रस्ता नसलेल्या नाक्यावर निम्म्या दराची सवलत आहे. तिची चौकशी नाक्यावर करावी. १५ ऑगस्ट २०२५ रोजी ३,००० रुपयांस सुरू झालेला वार्षिक पास खासगी मोटार, जीप व व्हॅन यांच्यासाठी आहे. मालवाहू पिकअपला तो लागू नाही.

क्रमांकपट्टीही ओळखच होय

फास्टॅगप्रमाणेच वाहनाची उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही महत्त्वाची आहे. तिच्यावर होलोग्राम व लेसरने कोरलेला स्वतंत्र अनुक्रमांक असतो आणि ती एकदा बसविली की न मोडता काढता येत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना ती मुळातच लावून मिळते. त्यापूर्वीच्या वाहनांना, ट्रॅक्टरसुद्धा, ती बसवून घ्यावी लागते; महाराष्ट्रात यासाठीची मुदत २०२५ मध्ये अनेकदा वाढविण्यात आली. चोरीस गेलेल्या ट्रॅक्टरला खोटा क्रमांक लावून फिरविणे या पट्टीमुळे अवघड होते. पुढील काळात कॅमेऱ्याने क्रमांक वाचून व फास्टॅग पाहून वाहन न थांबविताच पथकर घेण्याची पद्धत येत आहे. गुजरातमधील चोर्यासी नाक्यासाठी तसा करार ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. अशा वेळी चिखलाने माखलेली किंवा खाडाखोड केलेली क्रमांकपट्टी मालकालाच अडचणीत आणील.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कार्य

नवे मार्ग व नवी यंत्रे शासनाने उभी केली तरी त्यांचा उपयोग गावाने करून घ्यावयाचा असतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी एक बैठक घ्यावी. गावातील मालवाहू वाहनांची यादी करून कोणाची पट्टी चालू आहे, कोणाची जुन्या मालकाच्या नावावर आहे, हे पाहावे. भाजीपाला उत्पादकांचा गट करून माल कोणत्या ठिकाणी गोळा करावयाचा, वाहन किती वाजता सुटावयाचे, पथकर कसा वाटावयाचा, हे सर्वांसमक्ष लिहून ठेवावे. पासबुक, आधार किंवा सांकेतिक क्रमांक मागणाऱ्या अनोळखी दूरध्वनीस उत्तर देऊ नये, हेही बजावून सांगावे, कारण फास्टॅगच्या नावाने फसवणूक करणारे लोकही असतात.

पहिल्या महिन्याचा हिशेब गटापुढे मोठ्याने वाचून दाखवावा. कोणत्या दिवशी वाहन किती वाजता सुटले, लिलावात काय भाव मिळाला, पथकर व भाडे किती पडले, हे चार आकडे शेजारी शेजारी मांडले की पुढच्या महिन्यात कोणता माल महामार्गाने धाडावयाचा व कोणता जुन्या रस्त्याने, याचा निर्णय शेतकरी स्वतःच बिनचूक करतील.