चित्रातील हात आणि हातातील शब्द

जॉन लॉकवुड किपलिंग हे नाव आपल्याकडे बहुधा ‘जंगल बुक’चे लेखक रुडयार्ड यांचे वडील म्हणून घेतले जाते. ते स्वतः शिल्पकार व चित्रकार होते. १८६५ मध्ये ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत अध्यापक म्हणून आले. क्रॉफर्ड मार्केटवरील, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईवरील, कष्टकऱ्यांची उठावशिल्पे त्यांचीच. १८७० मध्ये सरकारने त्यांना उत्तर हिंदुस्थानातील कारागिरांची रेखाचित्रे काढण्याचे काम दिले. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

तेव्हा छायाचित्रणही होते. पण कॅमेऱ्यापुढे माणसाला निश्चल राहावे लागे. पेन्सिलीला ती अट नव्हती. त्यामुळे चालते काम कागदावर उतरू शकले.

बिदर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. किपलिंग यांचा तो दौरा इकडचा नव्हता. तरी ही चित्रे पाहताना मला आपले बिदरी काम आठवते. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात. मोरचुदाने ते तात्पुरते काळे करून त्यावर नक्षी रेखतात, छिन्नीने कोरतात आणि कोरलेल्या जागी चांदी ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या पाण्याने भांडे काळे पडते. चांदी मात्र पांढरीच राहते.

चित्रकार यातील हात, हत्यार, बैठक टिपू शकेल. पण चांदीची तार बसवली तर ‘तारकशी’ आणि पत्रा बसवला तर ‘तहनिशान’, हे चित्र सांगू शकत नाही. ते कारागिराच्या तोंडूनच ऐकावे लागते. आपल्या सीमाभागात असे शब्द मराठी, कन्नड, दखनी, तेलुगू यांच्या सरमिसळीत वावरतात. काम थांबले की हत्यार एखाद्या संग्रहालयात तरी जाते. शब्द कुठेच जात नाही, तो नुसता बोलायचा थांबतो.

म्हणून माझी शिक्षकांना एक सूचना आहे. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील विद्यार्थ्यांना जवळच्या कारागिराकडे पाठवावे. वहीत तीन रकाने आखावेत: हत्याराचे साधे चित्र, कारागीर उच्चारतो तसाच शब्द आणि त्या हत्याराचे काम. शब्द ‘शुद्ध’ करू नये. तो कोणत्या भाषेचा, हा वाद नंतर घालता येईल. किपलिंग यांनी पहिला रकाना कसा भरावा ते दाखवले आहे. उरलेले दोन आपण भरायचे आहेत.