‘आम्हाला काही झालं नाही’: लडाखचा सल्ला घ्यायचा कसा आणि द्यायचा कसा

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ काढले आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

एप्रिल संपत आला की प्रत्येक मित्रमंडळात कुणीतरी एक नवीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढतं. नाव ‘लडाख’, पुढे एक डोंगराचा इमोजी. पहिल्या तासात शंभर मेसेज. मग कुणीतरी आपल्या भावाच्या मित्राला ग्रुपमध्ये घेतं, कारण तो ‘जाऊन आलाय’. तो लिहितो, “पाच दिवस बास झाले रे. आम्ही दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला केला, आम्हाला काही झालं नाही.” झालं, विमानाची तिकिटं निघतात.

आजचा भाग या एका वाक्यावर आहे. ‘आम्हाला काही झालं नाही.’ जाऊन आलेल्या माणसाचा अनुभव सोन्यासारखा असतो, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण लडाखसारख्या उंच ठिकाणी त्या अनुभवातली कुठली माहिती उचलायची आणि कुठली सोडायची, हे कळायला हवं. इथे चुकीच्या सल्ल्याने नुसते पैसे वाया जात नाहीत, माणूस दवाखान्यात जाऊ शकतो.

माझ्या मशीनवर तर चालतंय

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये एक जुना विनोद आहे. टेस्टर सांगतो की प्रोग्रॅम बंद पडतोय, आणि डेव्हलपर म्हणतो, “माझ्या मशीनवर तर चालतंय.” तो खोटं बोलत नसतो. फक्त त्याच्या मशीनवर काय काय आधीपासून बसवलेलं आहे, हे तो सांगत नाही. त्यालाही ते आठवत नसतं.

‘आम्हाला काही झालं नाही’ हे तसंच वाक्य आहे. तो भावाचा मित्र श्रीनगरहून रस्त्याने गेला होता की थेट विमानाने? त्याआधीच्या आठवड्यात तो हिमाचलमध्ये ट्रेकला होता का? त्याच्यासोबत पंचावन्न वर्षांचे बाबा होते का? हे काहीच कळत नाही. आणि ज्यांना त्रास झाला ते बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. हॉटेलच्या खोलीत दोन दिवस उलट्या करत पडलेल्या माणसाची रील कुणी पाहिली आहे का? आपल्यापर्यंत पोहोचतात ते निळ्या पाण्यासमोर हात पसरून उभे असलेले.

वर गेल्यावर नेमकं काय होतं

आधी आकडे बघू. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. लेह शहर साधारण ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. दिल्लीहून विमान तिथे सव्वा-दीड तासात उतरवतं. आपण आपल्या सीटवर बसून सँडविच खात असतो, आणि शरीराला मात्र काहीच सूचना मिळालेली नसते.

लोक म्हणतात तिथे हवेत ऑक्सिजन कमी असतो. खरं तर प्रमाण तेच असतं, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, खारदुंग ला खिंडीत जवळपास निम्मा. हवा विरळ झाली की प्रत्येक श्वासात येणारा ऑक्सिजन कमी.

शरीर यावर उपाय करतं. श्वास जलद होतो. पण जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मेंदू म्हणतो, अरे जरा हळू. ही ओढाताण सोडवायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट नावाचा क्षार लघवीतून बाहेर टाकतात, मग श्वास जलद ठेवता येतो. हे काम तासाभरात होत नाही, त्याला काही दिवस लागतात. ‘लेहला दोन दिवस आराम करा’ या सल्ल्यामागे हे कारण आहे.

आणि फिटनेसचा इथे फार उपयोग नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही त्रास होतो आणि आजोबा खुशाल फिरतात. उलट फिट लोक पहिल्याच दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या धावत चढतात आणि रात्री डोकं धरून बसतात.

दिवस नको, रात्री मोजा

आता या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट. उंचीच्या बाबतीत दिवसा तुम्ही कुठे गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे जास्त महत्त्वाचं असतं. डॉक्टर आणि गिर्यारोहक जो नियम वापरतात तो साधा आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढा.

म्हणून एक शीट उघडा. तीन रकाने: तारीख, रात्रीचा मुक्काम, मुक्कामाची उंची. एवढंच. मग ग्रुपवर फिरणारा तो प्रसिद्ध पाच दिवसांचा प्लॅन त्यात भरून बघा.

पहिली रात्र लेह, ३,५००. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा, तिथला मुक्काम सुमारे ३,१००. तिसऱ्या दिवशी नुब्राहून श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँग, तिथला मुक्काम साधारण सव्वाचार हजार मीटर. म्हणजे समुद्रसपाटीवरून निघून तिसऱ्या रात्री तुम्ही सव्वाचार हजारांवर झोपताय, आणि आदल्या रात्रीपेक्षा हजारभर मीटर वर. तिथे रात्री दोन वाजता कुणाला श्वास लागला तर लेह काही तासांच्या अंतरावर, मध्ये आणखी एक उंच खिंड.

यात गंमत बघा. सगळे घाबरतात खारदुंग लाला, कारण तो खूप उंच. पण तिथे आपण अर्धा तास थांबून खाली नुब्राला उतरतो, आणि नुब्रा लेहपेक्षाही खाली आहे. खरी परीक्षा पँगाँगच्या रात्रीची असते, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. याचा अर्थ दुसऱ्याच दिवशी खिंड चढा असा नाही हं. गाडी खिंडीत बंद पडली किंवा रस्ता अडला की तो अर्धा तास चार तासांचा होतो.

मग काय करायचं? लेहमध्ये किमान दोन रात्री, जमल्यास तीन. मधल्या दिवसात आल्ची, लिकिर अशा आसपासच्या गोम्पा. मग नुब्रा. पँगाँगला मुक्काम हवाच असेल तर तो सहलीच्या शेवटी ठेवा, किंवा अलीकडे जवळपास चार हजार मीटरवर टांगत्से गाव आहे, तिथे झोपून सकाळी तलाव गाठा. सात-आठ दिवस लागतात. पाचच दिवस असतील तर पँगाँगचा मुक्काम सोडा. तलाव कुठे जात नाही.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठीही तीच शीट. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, मग कारगिल २,७०० च्या आसपास, मग लेह. टप्पे बरे आहेत. मनालीचा रस्ता जास्त अवघड. मनाली २,०५० मीटर, आणि बरेच जण पहिलीच रात्र सरचूला काढतात, ४,२९० मीटर. एका दिवसात झोपण्याची उंची दुपटीहून जास्त! त्यापेक्षा केलाँग किंवा जिस्पाला थांबा, शक्यतो दोन रात्री, आणि सरचूला न झोपता पुढे निघा. दिवस लांबलचक होतो, पण रात्र सुखाची जाते.

ग्रुपवरचे सल्ले, एकेक करून

कापराची पुडी. प्रत्येक मराठी आई बॅगेत ही ठेवतेच. कापूर हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण त्याने रक्तातला ऑक्सिजन वाढतो याला पुरावा नाही. पुडी ठेवा, आईला बरं वाटेल. फक्त लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, कापूर पोटात गेला तर विषारी असतो.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. हे औषध मूत्रपिंडाच्या त्याच कामाला गती देतं, म्हणून ते खरंच उपयोगी आहे. पण ते मित्राच्या सांगण्यावरून घ्यायचं नाही, निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यायचं. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. बोटांना मुंग्या येणं, लघवीला जास्त होणं, कोल्ड्रिंक बेचव लागणं, हे त्याचे नेहमीचे परिणाम. आणि गोळी घेतली म्हणून शीटमधले मुक्काम बदलायचे नाहीत.

ऑक्सिजनचा छोटा कॅन. काही मिनिटांत संपतो. धीर येतो, पण त्याच्या भरवशावर वर जायचं नाही.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. पहिल्या दिवशी लेहमध्ये ८७-८८ बघून घाबरू नका, अनेक निरोगी लोकांचा आकडा तेवढा येतो. बोट गार असेल तर आणखी कमी दाखवतो. मशीनपेक्षा माणसाकडे बघा.

‘भरपूर पाणी प्या.’ तहान भागेल इतकं प्या, तिथे हवा कोरडी असते. पण पाच-सहा लिटर ढोसून उंचीचा त्रास टळत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र पहिले काही दिवस नकोच.

आणि फोन. इतर राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. हा सल्ला अगदी बरोबर आहे. ग्रुपमध्ये किमान दोघांकडे पोस्टपेड हवं.

डोकं दुखायला लागलं तर

पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोकं दुखायला लागतं. सोबत मळमळ, भूक न लागणं, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटणं. हे दिसलं की तो उंचीचाच त्रास आहे असं धरून चाला. ‘पित्त झालं असेल’ म्हणू नका. नियम सरळ आहे: त्रास असेपर्यंत आणखी वर जायचं नाही. वाढला तर खाली यायचं.

दोन गोष्टी मात्र थांबून बघण्याच्या नाहीत. एक, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातोय, असंबद्ध बोलतोय. टाचेला पायाचं बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगा. जमलं नाही तर मेंदूला सूज येत असू शकते. दोन, नुसतं बसलेलं असताना धाप लागतेय, खोकला थांबत नाही. हे फुप्फुसात पाणी होण्याचं लक्षण असू शकतं, आणि ते बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री होतं. दोन्हीमध्ये सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजन, खाली उतरणं आणि दवाखाना. लेहमध्ये सोनम नोरबू मेमोरियल हॉस्पिटल आहे, तिथल्या डॉक्टरांना हे रोजचं आहे.

पण मंडळी, औषधापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच आहे. ज्याला त्रास होतो तो बोलत नाही. “माझ्यामुळे सगळ्यांचा प्लॅन नको बिघडायला.” हे लडाखमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे.

आमच्या सहाजणांच्या ग्रुपने निघण्याआधीच ठरवलं होतं: कुणीही, कधीही ‘आज वर नको’ म्हणू शकतो, आणि कुणी कारण विचारायचं नाही. कुणाला खाली न्यावं लागलं तर सोबत कोण जाणार, तेही आधीच नक्की. लेहच्या दुसऱ्या संध्याकाळी एका मैत्रिणीने ते वाक्य वापरलं. दुसऱ्या दिवशी नुब्राऐवजी आम्ही बाजारात जर्दाळू खात बसलो. पँगाँगचा मुक्काम गेला. तिची डोकेदुखीही गेली. हे शक्य झालं कारण शीटमध्ये एक दिवस रिकामा होता.

सल्ला मागताना पाच प्रश्न

१. कोणत्या वर्षी आणि कोणत्या महिन्यात गेला होतात? सल्ल्यालाही एक्स्पायरी असते. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. त्याआधीचे मनाली ते केलाँगचे वेळेचे हिशेब रोहतांग खिंडीचे आहेत, आज ते लागू नाहीत.

२. लेहला कसे पोहोचलात, आणि त्याआधीचा आठवडा कुठे होतात?

३. प्रत्येक रात्री कुठे झोपलात?

४. सोबत कोण होतं? वय, बीपी, दमा, लहान मुलं. घरच्यांना नेत असाल तर मित्रांच्या बाइक ट्रिपचा प्लॅन कॉपी करू नका.

५. ग्रुपमध्ये कुणाला काय त्रास झाला, आणि मग तुम्ही काय केलंत?

पाचवा प्रश्न नक्की विचारा. ‘काही झालं नाही’ म्हणणारा माणूस इथे थांबतो, आठवतो, आणि म्हणतो, “हां, एकाला पँगाँगला रात्रभर झोप नव्हती, सकाळी घाईने खाली आलो.” अरे, मग झालं होतं की!

आणि सल्ला देताना

तुम्ही जाऊन आला असाल तर पुढच्यासाठी ठिकाणांची यादी देऊ नका, ती सगळीकडे मिळते. मुक्कामांची उंची द्या, महिना द्या आणि काय बिघडलं ते लिहा. पाटीवरचा आकडाही तपासून घ्या. खारदुंग लाच्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं आणि लोक त्यासमोर फोटो काढायचे. जीपीएस घेऊन गेलेल्यांनी मोजलं तेव्हा ती खिंड ५,३५९ मीटर निघाली, म्हणजे सुमारे १७,५८० फूट. प्रवाशांनी एकमेकांना दिलेली माहिती अशी असली की ती पाटीपेक्षा भरवशाची ठरते.

तर यंदा तुमच्या ग्रुपमध्ये कुणी ते वाक्य टाकलं की भांडू नका. फक्त विचारा, “भारीच! तिसऱ्या रात्री कुठे झोपला होतात?” आणि तिकीट काढायच्या आधी ती तीन रकान्यांची शीट ग्रुपवर टाका.

तुमची शीट मलाही पाठवा. सगळ्यात उपयोगी शीट पुढच्या भागात वाचून दाखवेन, काय बिघडलं त्यासकट. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत हळू चढा!